ढिगातली नान

सासूने दाताळं खताच्या ढिगात खच्चकन खुपसलं, वर ओढलं, आणि दुसऱ्या हाताने सनोबरच्या कानशिलात भडकावली.

"अशी टाकतात? अशी? अक्कल आहे की तीही माहेरी ठेवून आलीस?"

सनोबर भेलकांडून जर्दाळूच्या बुंध्यावर आदळली. तोंडात रक्ताची चव आली. दाताळ्याच्या टोकाला नान लटकत होती. कडक, राखाडी पडलेली, आणि एका कडेला तिच्या नवऱ्याच्या, होशिमच्या दातांची खूण.

सात महिन्यांपूर्वी होशिम रशियाला बांधकामावर गेला. निघताना त्याच्या आईने ताजी नान पुढे धरली, त्याने एक घास तोडला आणि उरलेली दाराशेजारच्या खिळ्याला टांगली गेली. आपली उष्टी नान ज्याची वाट बघते आहे, त्याला परदेशची माती धरून ठेवू शकत नाही. ती संपवायला त्याला यावंच लागतं. फरगाण्याच्या खोऱ्यात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. अशा नानेवरची धूळसुद्धा कुणी झटकत नाही.

सनोबरला ती रोज दिसायची. चहा ओतताना, चादरी झटकताना. त्याच दातांचा वण तिच्या दंडावर होता. भुवईवरचे चार टाके किटलीचे होते. एकदा तंदूरात नान करपली म्हणून होशिमने तिची वेणी मनगटाला गुंडाळली आणि तिचं तोंड निखाऱ्यांवर धरलं होतं. ती किंचाळत होती तेव्हा त्याची आई, सनोबर जिला ओयी म्हणायची, दहा पावलांवर गाय दोहत होती. तिने मान वळवली नाही. त्या दिवसापासून सनोबरने या घरात कुणाकडून काही मागितलं नाही.

काल फोन आला. "शुक्रवारी पोचतो." आज बुधवार.

सकाळी सनोबरने नान खिळ्यावरून काढली. ती उकिरड्यावर टाकली तर हात झडतील. गायीला घातली तर दुधातून तोच घरात येणार. उरला तो परसातला खताचा ढीग. या घरात तिने स्वतःच्या हाताने उभी केलेली ती एकच गोष्ट. एक टोपली ओलं: खरबुजाच्या साली, गाजराची सालपटं, चहाचा चोथा, ताजं शेण. दोन टोपल्या सुकं: पालापाचोळा, गव्हाचा भुसा, कपाशीच्या पऱ्हाट्यांचा चुरा. ओलं जास्त झालं की घाण सुटते, सुकं जास्त झालं की ढीग नुसता बसून राहतो. तिचा बरोबर जमला होता. पोटात हात घातला तर चटका बसायचा. आत गेलेलं काळी माती होऊन बाहेर पडायचं आणि ते आधी काय होतं, हे कुणाच्या बापाला सांगता येत नसे. तिला नेमकं तेच हवं होतं. पण गोठ्याचं दार करकरलं, आणि घाबरून तिने नान वरच्याच पाचोळ्याखाली सारली. तासाभराने शेण टाकायला आलेल्या ओयीला ती दिसली.

"मारा मला, ओयी," सनोबर ओरडली. "जीव घ्या. पण ती परत खिळ्याला लावू नका!"

"आवाज बंद कर, भवाने! शेजारीण कान लावून बसलेली असते."

दाताळ्याचा दांडा सनोबरच्या नडगीवर बसला. ती खाली कोसळली. मग ओयीने टोकाची नान काढून बाजूला ठेवली आणि ती ढिगावर तुटून पडली. वार करावा तसं दाताळं मारत, उपसून दोन्हीकडे भिरकावत तिने तो फोडला. कित्येक महिन्यांची मेहनत अंगणभर विखुरली. मधला गाभा उघडा पडला आणि त्यातून भसकन वाफ निघाली.

ओयी गुडघ्यांवर बसली. तिने नान हातात घेतली. पडलेल्या नानेला करतात तसं तिला ओठ लावले, मग कपाळ, मग ओठ, मग कपाळ. तिचे डोळे मिटलेले होते. सनोबरला कळून चुकलं. पोटचा गोळा शेवटी. आता ही उठणार, नान खिळ्याला लावणार आणि शुक्रवार उजाडणार.

बुंध्याशी फावडं टेकून ठेवलेलं होतं. ते कधी हातात आलं, सनोबरला कळलं नाही. ओयीच्या पांढऱ्या रुमालाखालची मान पुढे झुकलेली होती. बारीक, सुरकुतलेली मान. एक घाव पुरला असता. सनोबरने फावडं डोक्यावर उचललं. तिला भीती वाटत नव्हती. आपल्याला भीती वाटत नाही, याचीच तिला भीती वाटली.

ओयीने मागे न बघता हात पुढे केला.

"आण इकडे."

सनोबरने ते खाली आणलं. ओयीने फावडं ओढून घेतलं, नान दगडावर ठेवली आणि दात आवळून घाव घातला. मग दुसरा. मग किती, याची मोजदाद राहिली नाही. तुकड्यांचे तुकडे झाले, चुरा झाला, तरी ती मारतच होती. घशातून असा आवाज येत होता, जणू मार तिलाच बसतो आहे. मग तिने चुऱ्यावर तांब्याभर पाणी ओतलं, तो शेणात कालवला, वाफाळत्या गाभ्यात कोपरापर्यंत हात घालून खोल दाबला आणि वर भुसा लोटला. हात भाजून लाल झाला होता.

"सुकी नान ढिगात अख्खी आणि वरवर ठेवायची नसते, सूनबाई," ती धापा टाकत म्हणाली. "होशिमच्या बापाची मी तशीच ठेवली होती. आला परत."