वरच्या खिडकीतली पोरगी

"निबाल्दो, कुलूप काढ. गाडी यायची वेळ झाली," ओरियाना गजाआडून म्हणाली.

"हा एवढा डाव," निबाल्दो म्हणाला. मान काही वळवली नाही. दोन्ही हातांत प्लास्टिकची लाल बंदूक, डोळे पडद्यावर.

लोटा बंदरातल्या सगळ्या खेळघरांत एकच रीत. टोकन विकणारा माणूस गल्ल्यासकट केबिनमध्ये, कुलूप बाहेरून, किल्ली मालकाच्या गळ्यात. ओरियाना मालकाची, म्हणजे निबाल्दोचीच, बायको होती म्हणून काय झालं, रीत ती रीत. टोकन द्यायला खिडकीखाली एक भोक, हात जाईल एवढं. आरौकोची ही शेवटची गाडी, आणि तिकडे तिची आई अंथरुणाला खिळलेली. सकाळीच निरोप आला होता, आज ये, उद्याचं सांगवत नाही.

निबाल्दोला हे ठाऊक होतं. पण पडद्यावर तुरुंगाच्या वरच्या खिडकीत ती पिवळ्या झग्यातली पोरगी हात हलवत होती ना! शेजारच्या गावच्या खेळघरवाल्यानं भर बाजारात त्याला डिवचलं होतं, "माझ्याकडे ती बाहेर येते. तुला तुझंच यंत्र कळत नाही होय रे?" तेव्हापासून ह्या गड्यानं पडद्यावरचं काही म्हणून सोडलं नव्हतं. कंदील फोडला, त्यातून औषधाची पेटी निघाली. पिंप फोडलं, त्यातून काडतुसं निघाली. पोरगी काही निघेना.

"घोड्याच्या ढुंगणावर मार," कुस्तोदियो म्हणाला. खाणीतून निवृत्त झालेला म्हातारा, रोज इथं येऊन सोपायपियाची तळलेली पुरी चावत उभा राहायचा. "तिथं कुणी मारलं नसेल."

निबाल्दोनं मारलं. घोडा उधळला. कुस्तोदियोला हसून ठसका लागला.

"ती कशी येते ते मला माहितीये," ओरियाना म्हणाली.

आता मात्र निबाल्दो वळला. "तुला? तू कधी बंदूक तरी धरलीस?"

"दिवसभर इथून दुसरं काय दिसतं मला? कुलूप काढ, सांगते."

"आधी सांग. आईची शपथ, लगेच काढतो."

"कुणाच्या आईची?"

बाहेर गाडीचा ब्रेक करकरला, हॉर्न वाजला. ओरियानाला घासाघीस करायला वेळच उरला नाही.

"गोळी झाडूच नकोस," ती भराभर म्हणाली. "परवा तो दारुडा खलाशी बंदूक मांडीवर ठेवून झोपला. पडद्यावरच्या पहारेकऱ्यांनी त्याला हाणला नि निघून गेले. मग तिनं स्वतःच दार उघडलं. तू गोळी मारलीस की ती घाबरून आत पळते."

"बंदुकीचा खेळ, आणि बंदूक चालवायची नाही?" निबाल्दो हसला. पण वळला पडद्याकडे. पहारेकरी पुढं आला, आणि ह्याचं बोट दाबलं गेलंच. पोरगी आत पळाली. पुन्हा तेच.

"बोट ऐकत नाही माझं."

"ठेव ती खाली!" कुस्तोदियो खेकसला. "नाहीतर मी बसतो तिच्यावर."

निबाल्दोनं बंदूक खाचेत ठेवली. पडदा लाल झाला. परत लाल. शेवटचा एक जीव उरला. पहारेकरी कोपऱ्यावरून वळून गेले. मग अंगणातलं एक बारकं दार उघडलं, पिवळा झगा बाहेर आला, आणि इकडे न बघता सरळ चालत कडेला दिसेनासा झाला.

"आली! आली रे!" कुस्तोदियोच्या हातातली सोपायपिया पडली.

निबाल्दो धावत खिडकीशी आला, तोंडभर हसू. "पाहिलंस? अगं, पाहिलंस का? दे, एक टोकन दे. बघू ती पुढं कुठं जाते."

"आरौको! चला आरौको!" बाहेर कंडक्टर ओरडत होता.

भोकातून ओरियानाचा हात आला. निबाल्दोनं खाली ओंजळ धरली. काहीच पडलं नाही. तिचा हात उलटला, तळवा वर, आणि तसाच राहिला.

कुस्तोदियोचं हसू थांबलं. निबाल्दोचा हात गळ्यातल्या किल्लीकडे गेला, तिथंच अडला. त्याची नजर मागं वळली. पडद्यावर डाव आपोआप पहिल्यापासून सुरू झाला होता, आणि वरच्या खिडकीत पिवळा झगा हात हलवत होता.