नेवेनाच्या टेबलावर

“धूळ? कसली धूळ? आमच्या घरी पीठ चाळताना याहून जास्त उडते!” लॅबचा मालक आसेनने हात झटकले आणि चीज भरलेल्या बनित्साची बशी निरीक्षकबाईंपुढे सरकवली. “घ्या ना बाई, गरम आहे. बायकोनं सकाळीच भाजलीय.”

बेलेवाबाईंनी बशीकडे पाहिलंही नाही. रुसे शहरातल्या या दातांच्या लॅबमध्ये कामगार खात्याने त्यांना पाठवलं होतं, ते नेवेनाच्या तक्रारीवरून. नेवेना दाराजवळ खुर्चीत बसली होती. आता तिला फार वेळ उभं राहवत नसे.

कवळीच्या आत धातूचा सांगाडा असतो. तो घासून गुळगुळीत करायचा, हे तिचं काम. कोबाल्टची, क्रोमची करडी भुकटी दिवसभर तोंडासमोर उडायची. संध्याकाळी नाक शिंकरलं की रुमाल काळा. धूळ ओढून घेणारा पंखा बसवा, असं सगळ्यांनी सांगून पाहिलं. “पुढच्या वर्षी,” आसेन म्हणायचा आणि वरच्या मजल्यावर आपल्या खोलीत जाऊन दार लावून घ्यायचा. आता डॉक्टर म्हणत होते, फुफ्फुसं निबर झालीत, पुन्हा बरी व्हायची नाहीत. शेजारच्या टेबलावरचा दिमो तर वसंतातच गेला. त्याच्या फोटोचं शोकपत्रक अजून लॅबच्या दारावर चिकटवलेलं होतं.

“दिमो सिगारेटी ओढायचा, बाई,” आसेन म्हणाला.

“दिमोनं जन्मात... सिगारेटला हात लावला नाही.” एवढं बोलायलाही नेवेनाला मध्ये थांबावं लागलं.

“मग रकिया ढोसत असेल! माणूस मेला की मालकानंच मारला, होय ना? स्पास, तू सांग रे. तुला काही होतं का इथं?”

पलीकडच्या टेबलावरच्या स्पासने मान वर केली नाही. “नाही, मालक,” तो पुटपुटला.

नेवेनाच्या अंगाची लाही लाही झाली. मेलेल्या माणसालाही हा सोडत नव्हता.

“एवढी साधी धूळ आहे ना?” ती म्हणाली. “मग बसा माझ्या टेबलावर. एक सांगाडा घासून दाखवा. बाईंना बघू द्या.”

आसेन मोठ्याने हसला. “अगं, तुला हे काम शिकवलं कोणी? मीच ना?”

त्याने कोट काढून खुंटीला अडकवला, बाह्या सरसावल्या. बेलेवाबाईंनी आपल्या पिशवीतला मास्क पुढे केला. त्याने तो परतवला. “माझ्याच लॅबमध्ये मी तोंड झाकू? लोक हसतील, बाई.”

मोटर घरघरली. ठिणग्या उडाल्या. खिडकीतून आलेल्या उन्हात करडी भुकटी वर चढू लागली आणि त्याच्या भुवयांवर बसली. हात मात्र अजून कसबी होता. सांगाडा चाकावर झरझर फिरत होता. बेलेवाबाई त्या हाताकडे पाहत होत्या. स्पासही पाहत होता.

नेवेनाने हातावरून नजर काढली आणि आसेनच्या छातीकडे पाहिलं. सदरा हलत नव्हता. ओठ घट्ट मिटलेले. गाल फुगलेले, कान लालबुंद, मानेवरची शीर टरारून वर आलेली. तो घाईघाईने घासत होता, आणि त्याची नजर पुन्हा पुन्हा दाराकडे जात होती.

ती उठली. टेबलांच्या कडा धरत, धापा टाकत त्याच्यापर्यंत पोहोचली. छातीत होता नव्हता तेवढा दम गोळा करून, मोटरच्या आवाजातही ऐकू जाईल अशी ती ओरडली,

“मालक, श्वास घ्या!”