चिरंजीवांची खोली

पलंग दारात रुतला. आत जाईना, बाहेर येईना. ती खोलीच्या आतून ओढत होती, नवरा बाहेरून ढकलत होता.

"जरा डावीकडे घ्या," ती म्हणाली.

"माझ्या डावीकडे की तुझ्या?"

"पलंगाच्या!"

चार महिन्यांपूर्वी हाच पलंग याच दारातून मुकाट्याने गॅलरीत गेला होता.

ती छापखान्याची प्रुफं तपासायची. काम घरी बसून, म्हणजे जेवणाच्या टेबलावर. नाश्ता आला की कागद उचला, जेवण आलं की उचला, नवऱ्याला पेपर पसरायचा असला तरी उचला. एकदा छापखान्याच्या मालकांनी फोन करून विचारलं, "ताई, तेविसाव्या पानावर आहे तो पूर्णविराम की मोहरी?" मोहरी होती.

मुलगा नोकरीसाठी परगावी गेल्याला तेव्हा आठ महिने झाले होते. त्याच्या खोलीत ती रोज केर काढायची, रिकामा पलंग झटकायची आणि परत टेबलाशी येऊन बसायची. एका रविवारी केर काढता काढता ती जरा पलंगावर टेकली. खिडकीतून लख्ख उजेड येत होता, थेट भिंतीपर्यंत. इतका चांगला उजेड दिवसभर नुसता फुकट पडून असतो, हे तिच्या तेव्हा लक्षात आलं.

खर्च करायचा नाही, हे तिने आधीच ठरवलं. खर्च म्हटला की चर्चा आली. पलंग गॅलरीत गेला. माळ्यावर एक जुनं दार धूळ खात पडलं होतं, ते दोन पत्र्याच्या पेट्यांवर आडवं टाकलं, की झालं टेबल. निळी चादर मधोमध विरली होती. तिचा विरलेला भाग कापून टाकला, तर दोन बाजूंचे दोन पडदे निघाले. विकत असं एकच आणलं, पिवळ्या रंगाचा छोटा डबा. त्यात एकच भिंत रंगवून झाली. पण त्या भिंतीवर सकाळचं ऊन आलं की सबंध खोलीच हसल्यासारखी वाटायची.

नवरा येता-जाता दारातून डोकावायचा. "छान, छान! पण चिरंजीव आले की झोपणार कुठे? या दारावर?"

ती हसण्यावारी न्यायची. पण ते तिला लागायचं. पोराची पाठ वळताच आपण त्याची जागा बळकावली, असं मनात येऊन हातातली पेन्सिल थबकायची.

आणि काल संध्याकाळी चिरंजीवांचा फोन आला. "उद्या येतोय. चार दिवस आहे."

फोन ठेवल्या ठेवल्या ती म्हणाली, "अहो, पलंग आत घ्यायचाय."

सकाळपासून तेच चाललं होतं. प्रुफं जेवणाच्या टेबलावर गेली. दार पेट्यांवरून उतरून भिंतीला टेकलं. पडदे निघाले. पिवळ्या भिंतीचं काय करायचं ते मात्र सुचत नव्हतं. आता पलंग तेवढा आत आला की संपलं, तर तो असा अडून बसलेला.

तेवढ्यात बेल वाजली. नवऱ्याने जाऊन दार उघडलं. मुलगा दुपारच्या ऐवजी सकाळच्याच गाडीने आला होता.

पाठीवरची सॅक उतरवून तो पलंगाखालून वाकून खोलीत शिरला. त्याने भिंत बघितली. पेट्या बघितल्या. खाली घडी करून ठेवलेले पडदे उचलून बघितले.

"हे काय चाललंय, आई?"

"काही नाही रे, तुझी खोली लावतेय. तू नव्हतास ना, म्हणून जरा इथे काम करत बसायचे. आता सगळं होतं तसं करते. भिंतीचं तेवढं..."

मुलाने पलंगाची कड धरली. "बाबा, तुम्ही तिकडून धरा."

"आत ना?"

"बाहेर."

पलंग जरा तिरका केला, आणि सुटला. गॅलरीत जाऊन पडला. मुलाने दार पुन्हा पेट्यांवर टाकलं, हलतंय का ते हाताने दाबून पाहिलं आणि एका पेटीखाली कागदाची घडी सारली.

"अरे, पण तुझी खोली..."

"माझी खोली तिकडे आहे, आई. तिचं भाडं भरतो मी." तो जेवणाच्या टेबलावरचा प्रुफांचा गठ्ठा घेऊन आला आणि तिच्यासमोर ठेवला. "ही तुझी. मी काय, गॅलरीत झोपेन चार दिवस. चला बाबा, तिला काम करू दे."

जाताना त्याने खोलीचं दार ओढून घेतलं.

ती बसली. बाहेर बापलेकांचं काहीतरी बोलणं चाललं होतं. चहाची भांडी वाजली, तसा सवयीने तिचा हात कागद गोळा करायला गेला. मग थांबला. उचलायची गरज नव्हती. तिने पेन्सिल घेतली आणि पहिली ओळ वाचायला लागली.

थोड्या वेळाने दारावर टकटक झाली.

"ये की रे, वाजवतोस काय?"

दार उघडलं नाही. पलीकडून खाकरल्याचा आवाज आला.

"मी आहे." आवाज नवऱ्याचा होता. "येऊ का आत?"

तिची पेन्सिल जागच्या जागी राहिली. एकतीस वर्षांच्या संसारात त्याने तिला खूप काही विचारलं होतं. चष्मा कुठाय, मोजे कुठायत, आज मीठ कमी का. हे कधी विचारलं नव्हतं.

तिने दाराकडे पाहिलं. मग पानाकडे पाहिलं. अजून अर्धं बाकी होतं.

"थांबा जरा," ती म्हणाली. "एवढं पान होऊ दे."