ललितचं कुलूप

"काका, ललितचं कुलूप उघडतं," भटूने एकदाचं सांगून टाकलं.

मोतीलालकाकांना वाटलं, पोरगं कौतुकच करतंय. "उघडणारच की! परवलीचा शब्द टाकला की उघडतं. आणि शब्द नसेल तर ब्रह्मदेव आला तरी उघडत नाही," असं म्हणत त्यांनी हातातला पितळी डबा पुसून फळीवर ठेवला.

आता या माणसाला सांगायचं तरी कसं? धुळ्याहून जळगावला येताना एसटीत भटूने एकेक वाक्य जुळवून ठेवलं होतं. भांड्यांच्या दुकानाची पायरी चढला आणि सगळं विसरला. आते काय करू वं माय, असं झालं त्याला.

ललित हा काकांचा एकुलता एक मुलगा, आणि भटूचा वर्गमित्र. जळगावात संगणक नवे नवे आले, तेव्हा त्याने हा छोटासा प्रोग्रॅम लिहिला. कुठलीही फाईल त्यात घातली की तिची अगम्य अक्षरं व्हायची. परवलीचा शब्द दिला तरच ती पुन्हा माणसात यायची. पुढे ललितला रक्ताचा कॅन्सर झाला आणि ऐन पंचविशीत पोरगा गेला. काकांनी त्याचा प्रोग्रॅम फ्लॉपीवर घालून मागेल त्याला फुकट वाटला. पतपेढ्या, वकील, डॉक्टर, सगळीकडे तो पोचला. खान्देशात कोणीही सॉफ्टवेअर लिहो, कुलपाची वेळ आली की ललितचंच आत बसवायचा. इतके जण वापरतात म्हणजे कोणीतरी तपासलं असेलच, असं जो तो धरून चालला. भटूसुद्धा! आणि तपासलं होतं कोणी? कोणीच नाही.

"माझा ललित गेला नाही, साऱ्या खान्देशाची राखण करतोय," असं काका येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. तेवढ्या एका गोष्टीवर तो माणूस उभा होता.

"काका, शब्दाशिवाय उघडतं," भटू म्हणाला. "धुळ्यात एका डॉक्टरांची फाईल मी त्यांच्यासमोर उघडली. कोणाला कसला आजार, सगळं पडद्यावर आलं. डॉक्टर पांढरेफटक पडले."

काकांनी फळीवरचा डबा पुन्हा खाली घेतला आणि पुसायला लागले.

"परवलीचा शब्द नुसता विचारण्यापुरता आहे. आतली खरी किल्ली संगणकाच्या घड्याळावरून घडते. आणि फाईल कधी बंद केली, ती वेळ फाईलच्या नावापुढेच दिसते. हे ज्याला कळेल, तो कोणाचंही कुलूप उघडेल. मी नवं करून देतो. पण जुनं वापरू नका, हे लोकांना तुम्हीच सांगायला हवं. सगळ्यांकडे तुमच्याच हातची फ्लॉपी आहे."

"चूक कोणाची? संगणकाची?"

हो म्हणून टाकावं, असं भटूच्या अगदी ओठावर आलं होतं. पण उद्या कोणा गरीब बाईचं दुखणं गावभर झालं तर? "नाही काका. ललितचीच."

काका स्टुलावर बसले. गिऱ्हाईक आलं, त्याला त्यांनी हातानेच परत पाठवलं. "मग त्याचं उरलं काय रे, बेटा?" भटूला स्वतःचीच चीड आली. दोस्ताचं नाव पुसायला आपणच कशाला आलो, असं वाटून त्याने मान खाली घातली.

दुकानामागच्या घराच्या दारात लाडकुंवरकाकी उभ्या होत्या. कधीपासून, कोण जाणे.

"भटू, जुनं बंद केलेलंही उघडतं?"

"हो काकी. कोणाचंही."

काकी आत गेल्या. परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात रेशमी फडक्यात गुंडाळलेली एक फ्लॉपी होती. काकांनी ती आजवर पाहिली नव्हती.

"आजारपणात अंथरुणावर बसून लिहायचा, आणि आपलंच कुलूप घालून ठेवायचा. विचारलं की म्हणायचा, आई, पुरं झालं की वाचून दाखवतो. शब्द सांगायच्या आधीच त्याची वाचा गेली. तुला मागे एकदा विचारलं होतं मी, शब्द हरवला तर काय? तू म्हणालास, मग कायमचं गेलं समजा. ह्यांना कशाला सांगू? ह्यांना त्या कुलपाचा केवढा अभिमान!"

भटूने फ्लॉपी दोन्ही हातांनी घेतली. काकींचे डोळे भरून वाहत होते; पण चार वर्षांत पहिल्यांदाच चेहरा उजळला होता.

"हे दिवसभर इथे त्याचं कुलूप किती पक्कं ते सांगायचे," काकी म्हणाल्या, "आणि मी आत देवापुढे बसून रोज मागायचे, माझ्या ललितच्या हातून एक तरी चूक राहिलेली असू दे."