ओल

गॅरेजच्या पायासाठी आप्पांच्या मुलाने माती तपासणारा इंजिनिअर बोलावला. आप्पा आपल्या मागच्या खोलीच्या उंबऱ्यावर बसून बघत होते. इंजिनिअरने खोलीच्या भिंतीलगत कमरेइतका खड्डा खणून घेतला, तळाची माती मुठीत दाबली आणि मान हलवली.

"चिकट माती आहे, पाणी धरून ठेवते. मुरूम लागेपर्यंत खणा, नाहीतर ओल वर चढणार."

"खणू की! नवीकोरी गाडी आहे, ओलीत उभी राहिली तर गंजून जाईल," मुलगा म्हणाला.

"आणि ही शेजारची खोली? हिचा पाया किती खोल आहे?"

"हिला कसला पाया? अडगळीसाठी बांधली होती."

आप्पा खोकले. भिंतीला ओल येते हे सांगून सांगून नऊ वर्षांत त्यांची जीभ झिजली होती. मुलगाही काही कमी नव्हता. "वय झालं आता, आप्पा," म्हणत त्याने दरवेळी खोकल्याचं औषध मात्र न चुकता आणून दिलं होतं.

"गॅरेज एकदम कोरडं ठणठणीत होणार बघा. खूश ना, आजोबा?" इंजिनिअरने निघताना विचारलं.



"खूश तर! फक्त गाडी रोज कामावर नेत जा, एवढं त्याला सांगा. दिवसभर माझी खाट तिथे मावेल."