दोन घरचा पाहुणा

पहार काचेत घुसली तसा ड्रायव्हर दार उघडून उसात पळाला. शिवतेजनं मागच्या सीटवरून खासदार देवदत्तरावांची कॉलर धरली आणि त्यांना फरफटत रस्त्यावर आणलं. त्यांच्या मांडीवरची, फडक्यात बांधलेली भाकरीही खाली पडली.

शिवतेज धरणग्रस्तांच्या वसाहतीत जन्मला, वसाहतीतच मिसरूड फुटलं. पण राहती पत्र्याची खोली अजून त्याच्या आईच्या, धोंडुबाईच्या, नावावर नव्हती. वसाहतीची जमीन धरणग्रस्तांना देणारं विधेयक लोकसभेनं मंजूर केलं आणि राज्यसभेनं उडवलं. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, तो असा. राज्यसभेत विधेयकाच्या विरोधात तावातावानं बोलले होते ते हेच, सांगलीचे देवदत्तराव. उद्या दोन्ही सभागृहं दिल्लीत एकत्र बसून निकाल लावणार होती, एकेका मतासाठी रस्सीखेच चालली होती. आणि आज हा माणूस वसाहतीच्याच रस्त्यानं गाडीतून येत होता. जखमेवर मीठ चोळायला आला असणार, दुसरं काय.

“तू धोंडुबाईचा ना?” देवदत्तराव धापा टाकत म्हणाले. “अरे ऐक, मी...”

आईचं नाव त्या तोंडून ऐकलं आणि शिवतेजचं डोकं फिरलं. पहार गुडघ्यावर बसली. हाड मोडल्याचा आवाज त्याला गोड लागला. मग उजवा हात. पांढरी बाही खांद्यापर्यंत लाल झाली.

“आता जावा दिल्लीला,” शिवतेज म्हणाला. “कंच्या हातानं मत देताय बघतो.”

भाकरी त्यानं लाथेनं चरीत उडवली आणि आडवाटेनं घर गाठलं. जन्मात पहिल्यांदा आईसाठी काहीतरी केलं, असं त्याला वाटत होतं.

धोंडुबाई चुलीपुढं बसली होती. चेहरा कधी नव्हे तो खुलला होता.

“कुठं हुतास रं? आत्ताच सांगलीचं खासदार यिऊन गेलं. घर बघितलं, भितीवरचा तुजा फोटू बघितला, समदं इचारलं. चुकलो म्हनलं, मावशी. उद्या तुमच्या बाजूनं मत देतो म्हनलं.”

शिवतेजनं दोन्ही हात पाठीमागं नेले.

“जेवाय थांबा म्हनलं तर दिल्लीचं इमान गाठायचं हाय म्हनलं. घरचा पाव्हना उपाशी कसा धाडू? मग फडक्यात भाकरी बांधून दिली. वाटंत खाल्ली असंल न्हवं रं त्यांनी?”