दोन डुकरं, वीस कोंबड्या

"इथे." मावशींनी डुकराच्या कपाळावर खडूने फुली मारली. "डोळ्यांच्या जरा वर, मधोमध. एकच घाव. ते आडवं झालं की पुढचं मी बघते."

मास्तरांनी मान डोलावली आणि हातोडा दोन्ही हातांत धरला. बाजारामागच्या मावशींच्या खाटीकखान्यात पाणी मारून झालं होतं. उतरती फरशी गटाराच्या जाळीपर्यंत ओली होती. मास्तरांची बायको लोखंडी कठड्याला टेकून डुकराला बांधलेल्या दोरीचं टोक धरून उभी होती. दोघांच्या अंगावर मावशींनी दिलेले प्लास्टिकचे एप्रन होते, आणि मास्तरांचा तर पार घोट्यापर्यंत आला होता.

सहा आठवड्यांनी ती दोघं कायमची निघणार होती. समुद्रापलीकडच्या एका देशात, जिथे बारा महिने ऊन नि पाऊस, तिथे त्यांनी चार एकर जमीन घेतली होती. केळी, भात, कंद, तळ्यात मासे, दोन डुकरं, वीस कोंबड्या. बाहेरून फक्त मीठ आणि काडेपेट्या आणायच्या, असं मास्तर भेटेल त्याला हसत सांगायचे. दोघं साबण करायला शिकली, कलमं बांधायला शिकली, पाण्याचा पंप उघडून परत जोडायला शिकली. आता डुक्कर मारायला शिकणं एवढंच राहिलं होतं.

"मी करू का?" बायकोने विचारलं. ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला होती. तिला रक्ताचं काही वाटत नसे. "दे तो हातोडा इकडे."

"नको. मी करतो."

मास्तर पहिलीच्या वर्गाला शिकवत. पोरं डोक्यावर चढून बसली तरी त्यांचा आवाज चढत नाही, अशी त्यांची ख्याती होती.

हातोडा खाली आला तेव्हा त्यांनी डोळे मिटले होते.

घाव कानावर बसला. डुक्कर असं किंचाळलं की वरचे पत्रे झणाणले. दोरी बायकोच्या तळहाताची साल काढत निसटली. काय होतंय ते कळायच्या आत ते अख्खं धूड तिच्यावर येऊन आदळलं. तिचा हात कठड्याच्या दोन गजांत अडकला होता. मनगटातून काडी मोडल्यासारखा आवाज आला आणि ती खाली घसरली.

डुक्कर भिंतीवर रक्त उडवत गोल गोल धावलं, ओल्या फरशीवर चारी पाय फाकून घसरलं. मावशींनी तेवढी संधी साधली. साठी ओलांडलेल्या त्या बाईने मानेवर गुडघा रोवला आणि गळ्याखाली सुरी मुठीपर्यंत घातली. रक्त जाळीकडे धावलं. पाय चार-पाच वेळा झाडले गेले आणि थांबले.

"संपलं," मावशी म्हणाल्या. "गेलं ते."

मास्तर पुढे आले. त्यांनी हातोडा उचलला आणि मेलेल्या डुकराच्या डोक्यात घातला.

"ऐकायचं नाही?" ते दातावर दात ठेवून म्हणाले. "सांगितलेलं ऐकायचं नाही? एकदा सांगितलेलं?"

दर शब्दाला एक घाव पडत होता. कवटीचा आवाज आधी टणक होता, मग फुटका, मग नुसता ओला. आता त्यांचे डोळे टक्क उघडे होते.

"अरे, बस कर," बायको खालूनच म्हणाली. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही.

मावशींनी त्यांचं कोपर धरलं. ते गर्रकन वळले. हातोडा मावशींच्या डोक्यावर क्षणभर तसाच उगारलेला राहिला. चाळीस वर्षं सुऱ्या चालवलेली बाई दोन पावलं मागे सरली.

मास्तर पुन्हा वळले आणि हात भरून येईपर्यंत मारत राहिले. मग थांबले. बाहीने तोंड पुसलं. नुकतीच गरम पाण्याने अंघोळ करून आल्यासारखा त्यांचा चेहरा मोकळा झाला होता.

"जमलं बघ," ते बायकोला म्हणाले. "सुरुवातीला जरा भीती वाटते, एवढंच." मग त्यांना तिचा हात दिसला. "अगं, तुला लागलंय की. थांब, हात धुऊन आलो. लगेच दवाखान्यात जाऊ."

ते अंगणातल्या नळावर गेले. मावशींनी बायकोला उठवून स्टुलावर बसवलं, खोक्याचा पुठ्ठा फाडला, मनगटाखाली धरला आणि वरून फडकं गुंडाळायला लागल्या. मनगट भराभर सुजत होतं.  बायको दाराबाहेर बघत होती. मास्तरांनी आधी हातोडा धुतला, दांड्यासकट, आणि उन्हात नीट उभा करून ठेवला.

"तिकडे तुमच्या शेताजवळ कोण राहतं?" मावशींनी विचारलं.

"कोणी नाही."

"म्हणजे, हाक मारली तर?"

बायकोने नळाकडे पाहिलं.

"कोणी नाही," ती म्हणाली. "म्हणून तर ती जागा घेतली आम्ही."

मावशींनी गाठ मारली. घट्ट बसली का ते पाहिलं, आणि उगाच अजून एक मारली.

मास्तर दारात आले. केस ओल्या हाताने बसवलेले, हातात गाडीची किल्ली.

"चल. गाडी सावलीत लावलीये."

"तू पुढे हो," बायको म्हणाली, आणि धड हाताने तिने मावशींच्या एप्रनचं टोक मुठीत धरून ठेवलं.